चार हातांचा शेजारी

कल्याणहून कर्जतच्या दिशेने सुटलेल्या गाडीत डोळे मिटून बसलेल्या उतारूलाही आपण कुठवर आलो हे कळते. ते त्याचे नाक त्याला सांगते. विठ्ठलवाडी मागे पडते, उल्हासनगर येते, अंबरनाथ येते, आणि हिवाळ्याची रात्र असून वारा पडलेला असला, तर थेट बदलापुरापर्यंत निरनिराळे वास गाडीला सोबत करतात. कधी कुजक्या अंड्याचा, कधी नखे रंगवायच्या रंगासारखा गोडसर, कधी जळक्या रबराचा, तर कधी चक्क पिकल्या केळ्यांचा. नवखा पाहुणा रुमाल नाकाशी धरतो. इथला रहिवासी मोबाइलवरून मानही वर करीत नाही.

या सगळ्या वासांना आम्ही मिळून एकच नाव ठेवले आहे : केमिकल. "आज केमिकलचा वास येतोय." "केमिकलच्या टँकरखाली सापडला." "पोरगा केमिकलमध्ये लागला." मराठीचा अध्यापक या नात्याने मला हा शब्द फार खटकतो. हे नाव नव्हे, ही नाव न घेण्याची युक्ती आहे. खेड्यात रात्री सापाला 'लांबडे' म्हणतात ना, त्यातलाच हा प्रकार. नाव घेतले नाही म्हणजे तो येणार नाही, अशी एक समजूत. पण सापाचा नाग, घोणस की धामण हे ठाऊक असणे आणि नसणे यांत जिवाचे अंतर असते. आमच्या या 'लांबड्या'चेही तसेच आहे. कुजक्या अंड्याचा वास वगळला, तर वर सांगितलेले बाकीचे सगळे वास एकाच कुळातले आहेत, आणि त्या कुळाचा कर्ता पुरुष आहे कार्बन. तो आमचा शेजारी. इतका सख्खा, की आमच्या शर्टात, ताटात, देव्हाऱ्यातल्या उदबत्तीत आणि नळाच्या पाण्यावर चाललेल्या भांडणातही तो असतो. पण आमची त्याची ओळख मात्र नाही.

माझी झाली ती एका वहीमुळे. आमच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी, मराठी माध्यमातून दहावी होऊन आलेल्या मुलांसाठी रविवारचा एक वर्ग सुरू केला आहे. त्या वर्गाच्या टिपणांची वही त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "सर, एवढी भाषा तेवढी नजरेखालून घाला. मुलांना रसायन जड जात नाही हो, नावे जड जातात." गोष्ट खरी होती. दहावीच्या पुस्तकात 'कार्बनी संयुगे' नावाचे चांगले प्रकरण आहे. त्यात सहसंयुज बंध आहे, मालिकाबंधन आहे, क्रियात्मक गट आहे, समजातीय श्रेणी आहे. मूल हे सारे शिकते, गुणही मिळविते, आणि जूनमध्ये अकरावीच्या वर्गात बसते तो तीच माणसे इंग्रजी पोशाख करून समोर उभी! ओळखीचे कोणीच दिसत नाही. मग वह्या पाठ होतात, रसायन राहते बाजूला.

मी वही भाषेसाठी वाचायला घेतली आणि रसायनासाठी वाचीत राहिलो. कारण पाचव्या-सहाव्या पानावरच लक्षात आले, की हे तर आमचेच शास्त्र आहे. हे व्याकरण आहे.

पण आधी नावाबद्दल. जुन्या पुस्तकांत या विद्येला 'सेंद्रिय रसायन' म्हणत. इंद्रियांसह ते सेंद्रिय. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बर्झेलियस या स्वीडिश पंडिताने जगातील पदार्थांची अशी वाटणी केली, की सजीवांच्या इंद्रियांत तयार होणारे ते एका बाजूला आणि माती, दगड, क्षार दुसऱ्या बाजूला. पहिल्या प्रकारचे पदार्थ माणसाला प्रयोगशाळेत करता यायचे नाहीत, त्याला 'जीवशक्ती' लागते, असा समज होता. १८२८ साली वोहलर या जर्मन रसायनज्ञाने त्या समजाला सुरुंग लावला. अमोनियम सायनेट नावाचा क्षार करायला तो बसला होता आणि हाती आला युरिया, जो तोवर केवळ प्राण्यांच्या मूत्रात सापडत असे. मूत्रपिंडावाचून आपण युरिया केला, असे त्याने बर्झेलियसला मोठ्या आनंदाने कळविले. जीवशक्ती गेली, पण नाव राहिले. आणि आता तर त्या नावाने मोठी गंमत केली आहे. बाजारात 'सेंद्रिय भाजी' म्हणून पाटी लागते तिचा अर्थ रसायने न मारलेली भाजी. आणि तिच्यावर जी मारली नाहीत ती बहुतेक कीटकनाशके सेंद्रिय रसायनातच मोडतात! म्हणून मला 'कार्बनी' हा नवा शब्द अधिक सरळ वाटतो.

वोहलरच्या त्या युरियात आणखी एक मर्म दडलेले आहे. अमोनियम सायनेटात एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन नायट्रोजन आणि चार हायड्रोजन. युरियातही तेच, तितकेच. मग फरक कशात? मांडणीत. क, म आणि ल ही तीन अक्षरे घ्या. 'कमल' करा, 'कलम' करा. अक्षरात काडीचा फरक नाही, पण एक चिखलात उगवते आणि दुसरे कोर्टात लागते. रसायनवाले याला समघटकता म्हणतात. शेतकरी युरियाचे पोते खांद्यावर घेतो तेव्हा एका 'कलमा'चे 'कमल' वाहून नेत असतो.

आता कार्बनचे चार हात. वाक्य कसे बनते याचा विचार करताना आपल्या जुन्या पंडितांनी 'आकांक्षा' असा एक सुरेख शब्द वापरला आहे. एक शब्द उच्चारला की तो दुसऱ्याची अपेक्षा करतो. 'झोपणे' हे क्रियापद साधे. त्याला एक झोपणारा मिळाला की पुरे. 'खाणे' याला दोन लागतात, खाणारा आणि खायचा पदार्थ. 'देणे' याला तीन : कोणी, कोणाला, काय. अणूंचे अगदी असेच आहे. हायड्रोजनची आकांक्षा एक, ऑक्सिजनच्या दोन, नायट्रोजनच्या तीन, आणि कार्बनच्या चार. चार आकांक्षांचे क्रियापद वर्गात विचारले तेव्हा उल्हासनगरच्या एका व्यापाऱ्याच्या मुलाने क्षणात सांगितले : "सर, विकणे! कोणी, कोणाला, काय, कितीला." रसायनाच्या प्राध्यापकांनी हे उत्तर वहीत लिहून घेतले आहे.

हे चार हात कागदावर अधिक चिन्हासारखे काढतात, पण खरे तसे नसतात. ज्याच्या पायात कधी सराटा मोडला आहे त्याला ते समजावून सांगायला नको. सराटा कसाही पडो, एक काटा आभाळाकडे असतोच. मुंबईकरांनी मरीन ड्राइव्हच्या कठड्याबाहेरचे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे आठवावेत. कार्बनचे चार बंध असे चार दिशांना पसरलेले असतात, हे १८७४ साली सांगितले ते व्हान्ट हॉफ या बावीस वर्षांच्या डच मुलाने. पुढे १९०१ साली रसायनाचे पहिलेच नोबेल पारितोषिक त्याला मिळाले.

चार हातांचे अणू इतरही आहेत. कार्बनची विद्या अशी, की तो स्वतःच्याच भावंडांचा हात धरून वाटेल तेवढी लांब साखळी करतो. एक कार्बन आणि चार हायड्रोजन म्हणजे मिथेन, शेणाच्या गॅसमधला. तीन-चार कार्बनांचे प्रोपेन आणि ब्यूटेन आपल्या सिलिंडरमध्ये. त्यांना स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून एक गंधकयुक्त कार्बनी संयुग मुद्दाम घालतात, त्याचाच तो वास. पाच-सहापासून दहा-बारापर्यंत पेट्रोल, आणि वीस-तीसच्या पुढे गेले की मेण. एकेक मणी वाढत जातो आणि वायूचा द्रव, द्रवाचा घन होतो. या मेणाचे इंग्रजी नाव पॅराफिन. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'फारशी आसक्ती नसलेला'. साध्यासुध्या पदार्थांशी हे संयुग सहसा गुंतत नाही म्हणून हे नाव. 'अलिप्त' याहून नेमका मराठी शब्द सुचत नाही. आणि हा अलिप्त गृहस्थ अंबरनाथला मोठ्या कामाचा होता. विमकोचा आगपेट्यांचा कारखाना १९२०च्या दशकात इथे उभा राहिला. काडीचे लाकूड मेणात बुडविलेले असे, म्हणून टोकाची ठिणगी विझण्यापूर्वी काडी पेट घेई. गुल भडकणार, पण चूल पेटविणार ते मेण! विमको नाका हे नाव गावात अजून तोंडी आहे.

आता व्याकरणाची खरी गंमत. शब्दाला काय काय होऊ शकते, याचे आमच्याकडे तीन मोठे प्रकार : आगम, लोप आणि आदेश. 'तरु' आणि 'छाया' एकत्र आले की 'तरुच्छाया' होते, मध्ये एक च् कोठून तरी येऊन बसतो, हा आगम. 'राजन्' आणि 'पुरुष' मिळून 'राजपुरुष' होतो, न् गळून जातो, हा लोप. 'वाक्' आणि 'ईश' यांचा 'वागीश' होतो, क् उठतो आणि त्याच्या जागी ग् बसतो; हा आदेश. वहीतील 'अभिक्रियांचे प्रकार' हे पान वाचताना मी अक्षरशः थबकलो, कारण तिथेही मुख्य प्रकार हेच होते. नावे तेवढी निराळी.

आगम पाहायचा तर दिवाळीच्या फराळाकडे वळू. तेलाच्या लांब साखळीत काही ठिकाणी दोन कार्बनांनी एकमेकांना दोन-दोन हातांनी धरलेले असते. तिथे साखळीला बाक येतो. वाकड्या काटक्यांची मोळी नीट बांधली जात नाही, तशा या साखळ्या एकमेकींना चिकटून बसत नाहीत, म्हणून तेल पातळ राहते. निकेलच्या साह्याने त्या दुहेरी बंधात हायड्रोजन घातला, की बाक जातो, साखळ्या सरळ होतात, मोळी घट्ट बसते आणि तेलाचे घट्ट वनस्पती तूप होते, ज्याला आपण एका ब्रँडच्या नावावरून सरसकट डालडा म्हणत आलो. हायड्रोजनचा आगम अर्धवट झाला तर काही दुहेरी बंध शिल्लक राहतात पण वळण बदलतात. हेच ते ट्रान्स मेद, हृदयाला वाईट. म्हणून २०२२ च्या जानेवारीपासून आपल्याकडे तेला-तुपांत त्यांचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत ठेवण्याचा नियम झाला. खुसखुशीत शंकरपाळ्यामागे इतके व्याकरण आहे.

लोपाचे उदाहरण अंबरनाथचे म्हणता येईल. १९१९ साली स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी कंपनीने इथे गंधकाम्ल केले. गंधकाम्ल स्वतः कार्बनी नव्हे, पण कार्बनी मंडळींच्या घरचा तो जुना आचारी आहे. त्याला पाण्याची हावरी तहान. मद्यार्क आणि तीव्र गंधकाम्ल एकत्र तापविले, तर ते मद्यार्कातून पाणी ओढून काढते आणि उरतो इथिलीन वायू, जो आंबे-केळी स्वतःच पिकताना सोडतात. आणि आदेश? मिथेन आणि क्लोरीन उन्हात एकत्र आले, की एकेक हायड्रोजन उठतो आणि त्याच्या जागी एकेक क्लोरीन बसतो. असे तीन बदलले की क्लोरोफॉर्म. थकलेला घोडा सोडून ताजा घोडा जोडण्याचा जो मुक्काम, त्याचे नाव बदलापूर, असे आमच्याकडचे लोक सांगतात. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीवर कितपत टिकेल ते असो. पण आदेश समजावायला ती फार सोयीची आहे, आणि बदलापूरची मुले तो कधी विसरत नाहीत.

क्रियात्मक गट म्हणजे आमचे प्रत्यय. 'पणा' लागला की शब्द पुल्लिंगी, मग तो मोठेपणा असो की वेडेपणा. 'की' लागली की स्त्रीलिंगी, माणुसकी काय आणि पाटीलकी काय. मूळ शब्द कोणताही असो, वागणूक प्रत्यय ठरवितो. कार्बनच्या साखळीला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी लागली की नावाच्या शेवटी 'ऑल' येते आणि ते संयुग मद्यार्काच्या कुळात जाते. दुसरा प्रत्यय लागला की आम्ल. तिसऱ्याने एस्टर, ज्यांत पिकल्या केळ्याचा तो वास येतो. आरंभीचे 'मिथ', 'इथ', 'प्रोप', 'ब्यूट' हे केवळ एक, दोन, तीन, चार असे कार्बन मोजतात. एवढे सहा-सात शब्द आले की नाव वाचूनच पदार्थाची अर्धी कुंडली कळते.

आणि ती कळणे हा पंडिती विलास नाही. प्रत्यय वागणुकीची जात ठरवितो. पण त्या जातीतला सज्जन कोण आणि मारेकरी कोण, हे धातू ठरवितो. मिथेनॉल आणि इथेनॉल. प्रत्यय एक, फरक एका कार्बनचा. 'दिन' आणि 'दीन' यांत असतो तेवढा. दोन्ही पाण्यासारखे स्वच्छ, दोन्हींचा वास मद्याचा. इथेनॉल म्हणजे दारू. तिने संसार मोडतात, पण एका पेल्याने माणूस मरत नाही. मिथेनॉलचे शरीरात फॉर्मिक आम्ल होते. मुंगीच्या दंशातले आम्ल ते हेच. लॅटिनमध्ये मुंगीला 'फॉर्मिका' म्हणतात म्हणून हे नाव. ते डोळ्यांची मज्जा जाळते आणि मग जीव घेते. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे गेली ती या एका कार्बनमुळे. यावरच्या उपायांपैकी एक आहे इथेनॉल! यकृतातील जे विकर मिथेनॉलचे विष करते, त्याला डॉक्टर इथेनॉलच्या कामाला जुंपतात. तोवर मिथेनॉल जसेच्या तसे शरीराबाहेर पडते. काट्याने काटा काढणे म्हणतात ते हे. अर्थात हे इस्पितळातले काम, घरचे नव्हे.

उल्हासनगरकडे येऊ. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत जागा मिळाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या छावणीचे नगर झाले. शहाडला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना १९५०च्या दशकातला. लाकडाचा लगदा घ्यायचा, दाहक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड यांच्या साह्याने तो मधासारखा पातळ करायचा, बारीक छिद्रांतून आम्लात सोडायचा, की लाकडाचे रेशमी सूत होते. लाकडातला सेल्युलोज हा ग्लुकोजच्या हजारो मण्यांचा हार. याला बहुवारिक म्हणतात. ज्वारीच्या भाकरीतला स्टार्च हाही ग्लुकोजचाच हार. मणी तेच, फक्त एकाला दुसरा जोडण्याची गाठ निराळी. तेवढ्या गाठीमुळे भाकरी पचते आणि सुती सदरा पचत नाही. गाईच्या पोटातल्या जंतूंना ती दुसरी गाठ सोडविता येते, म्हणून गाय कडबा खाते आणि आपण तिचे दूध पितो.

पण या गावाची आजची ख्याती जीन्सची. कापड बाहेरून येते. इथे ते बेतले जाते आणि शिवले जाते. त्या निळ्या रंगाची कथा मला सगळ्यांत प्रिय आहे, कारण तिच्या पोटात आपला एक शब्द आहे. नीळ पाण्यात विरघळत नाही. म्हणून आधी तिच्यातल्या दुहेरी बंधांत हायड्रोजन घालून तिला पिवळसर, विरघळणारे रूप देतात, त्यात सूत बुडवितात आणि वर काढून हवेत धरतात. हवेतला ऑक्सिजन तो हायड्रोजन काढून घेतो आणि सूत डोळ्यांदेखत निळे होते. आधी आगम, मग लोप! ही नीळ सुताच्या वरच्या थरावरच बसते, गाभा पांढरा राहतो. म्हणून जीन्स विटते, आणि विटलेली अधिक किमतीला जाते, हा कलियुगाचा महिमा.

संस्कृत 'नील'. अरबांनी त्याला 'अल्' जोडून 'अन्-नील' केले, पोर्तुगीजांनी 'अनिल'. १८४०च्या सुमारास फ्रिट्शे या रसायनज्ञाने नीळ दाहक क्षाराबरोबर तापविली, तेव्हा एक तेलकट द्रव मिळाला. त्याने त्याचे नाव ठेवले अनिलीन. याच अनिलीनवर खटपट करताना १८५६ साली अठरा वर्षांच्या पर्किनला लंडनमध्ये जांभळा रंग सापडला आणि कृत्रिम रंगांचा धंदा उभा राहिला. बायरने १८८० साली नीळच प्रयोगशाळेत केली. १८९७ साली ती बाजारात आणली ती जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने, जिच्या नावातला 'ए' म्हणजे अनिलीन, म्हणजे आपले 'नील'च! आपला शब्द तिकडे गेला आणि त्याच नावाच्या कारखान्याने आपली शेती बुडविली. निळीचे भाव कोसळले, मळेवाल्यांनी आपला तोटा वाढीव खंडाच्या रूपाने चंपारणच्या रयतेच्या माथी मारला, आणि १९१७ साली गांधीजींना तिथे जावे लागले. रेणूच्या व्याकरणाचा इतिहासावर एवढा आघात दुसरा मला ठाऊक नाही.

अशीच वाट बेंझिनची. लोबान म्हणजे ऊद. जावाचा म्हणून अरब त्याला 'लुबान जावी' म्हणत. युरोपात त्याचे 'बेंझोइन' झाले आणि त्यातून 'बेंझिन'. सहा कार्बनांचे हे कडे; केकुलेने त्याची रचना १८६५ साली सांगितली. नाव सुगंधाचे, पण गुण नव्हे. कारखान्यांतून बेंझिन आणि टोल्युइन अशी दोन भावंडे वावरतात. टोल्युइनला एक मिथिल गट, म्हणजे एक कार्बन अधिक. शरीराला त्या कार्बनवर पकड मिळते. त्याचे आम्ल करून ते मूत्रावाटे टाकून देता येते. निरुपद्रवी नव्हे ते, डोके भणाणते, मेंदूला अपाय करते. पण बेंझिनच्या नुसत्या कड्याला अशी मूठ नाही. शरीर त्याच्याशी जी झटापट करते तिच्यातून हाडांच्या मगजाला बाधणारे पदार्थ होतात आणि रक्ताचा कर्करोग संभवतो. मिथेनॉलला एक कार्बन कमी पडला म्हणून ते मारक, आणि बेंझिनचेही तेच. अर्थात हा काही नियम नव्हे. मुले लगेच नियम करायला निघतात.

एवढे सगळे ज्या पाण्याला माहीत आहे, ती आमची वालधुनी. अंबरनाथच्या डोंगरातून ती निघते, शके ९८२ चा शिलालेख असलेल्या शिवमंदिराला वळसा घालते आणि उल्हासनगरातून कल्याणच्या खाडीकडे जाते. कारखान्याजवळच्या नाल्यांतून ती कधी निळी, कधी तांबूस झालेली मी पाहिली आहे. २९ नोव्हेंबर २०१४ च्या पहाटे उल्हासनगरात नदीकाठची माणसे खोकत, डोळे चोळीत घराबाहेर पडली. शेकडो लोकांना इस्पितळात न्यावे लागले. टँकरमधून कोणी रसायन नदीत ओतले होते. त्या पहाटे सगळ्यांच्या तोंडी शब्द एकच होता. कशाचा वास? केमिकलचा. डॉक्टरांनी विचारले तरी याहून अधिक कोण काय सांगणार? १९८४ च्या डिसेंबरात भोपाळच्या लोकांनाही आपल्या शेजारी मिथिल आयसोसायनेट राहतो हे कोणी सांगितले नव्हते. नावातला 'मिथिल' म्हणजे एक कार्बन, आणि 'सायनेट' तर वोहलरच्या युरियाच्या घरचा. मराठी शाळेतल्या मुलाला समजावे इतके ते नाव सोपे आहे.

काटई–बदलापूर रस्त्यावरून मोरिवली, आनंदनगर, माणकिवलीकडे टँकर जातात. त्यांच्या पाठीवर रसायनाचे नाव, धोक्याचे चिन्ह आणि एक चार आकडी क्रमांक असतो. तो क्रमांक साऱ्या जगात एकच. नाव इंग्रजीत असते, ते मराठीतही का नसावे हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही; पण क्रमांकाला भाषा लागत नाही. अपघात झाला तर दूर राहून तो क्रमांक अग्निशामक दलाला सांगितला तरी त्यांचे निम्मे काम होते.

रविवारच्या वर्गात बदलापूरची एक मुलगी येते. वडील एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. वीस वर्षे रिअॅक्टरवर काढलेली. पिंपात काय आहे हे ते पिंपाच्या रंगावरून आणि वासावरून सांगतात, याचा तिला पूर्वी अभिमान वाटे. बेंझिनचा धडा झाल्यावर तिने घरी जाऊन वडिलांना विचारले, "बाबा, तुम्ही वास घेऊन ओळखता?" पुढच्या रविवारी तिने वहीत एक यादी करून आणली, तपासायला. १२३० मिथेनॉल : डोळे. १२९४ टोल्युइन : डोके. १११४ बेंझिन : रक्त, वास घेऊ नये. ११३१ कार्बन डायसल्फाइड : नसा, चटकन पेटते. रसायनाच्या प्राध्यापकांनी मजकूर तपासला, मी शुद्धलेखन. 'डायसल्फाइड'चा ऱ्हस्व-दीर्घ तेवढा सुधारावा लागला. यादीची एक प्रत त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारामागे लावली आहे आणि दुसरी वडिलांनी कंपनीतल्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटविली. तिसरी त्यांच्या शिफ्टच्या हेल्परने मागून नेली.